उमरेड, तीस मैल

मधुसूदन उमाठ्यांनी एका माणसाची माफी मागायची म्हणून बिनतारी यंत्र बांधलं. पाच महिने खपून बांधलं, तीन महिने त्यावरून हाका मारल्या, आणि तो माणूस राहत होता उमरेडला. नागपूरहून उमरेड तीस मैल. इतवारी स्टेशनातून छोटी गाडी सुटते, रमतगमत का होईना, पण तीन तासांत पोचवते. कोणीही म्हणेल, गाडीत बसायचं आणि जायचं. मधुसूदनराव काही खुळे नव्हते. सेक्रेटरिएटात हेड असिस्टंट होते, त्यांनी लिहिलेल्या टिपणावर साहेब न वाचता सही करत. पण माणसाचं घोडं कुठे पेंड खाईल ते सांगता येत नाही. त्यांचं इथे खात होतं.

हा नाद त्यांना लागला सन पस्तीस साली. महालात कोतवालीच्या मागे ते भाड्याच्या घरात राहत. माडीवरच्या खोलीत त्यांनी टेबल मांडलं, गच्चीवर बांबू उभा केला आणि तिथून शेजाऱ्यांच्या कडुनिंबापर्यंत तांब्याची तार ताणली. रीतसर लायसन काढलं. त्यात सरकारला लिहून द्यावं लागे, की या यंत्रावरून धंद्याचं, राजकारणाचं किंवा घरगुती काही बोलणार नाही, फक्त यंत्राचं आणि हवामानाचं बोलेन. बोलणार म्हणजे तोंडाने नव्हे. तारखात्यासारखी पितळी चावी दाबायची, कट्ट कड कट्ट, आणि तेही साहेबाच्या भाषेत, शब्द तोडून तोडून. आळीतल्या बायका त्या तारेला उमाठ्यांची वाळवणाची दोरी म्हणत, आणि एकदा कोणाचं तरी लुगडं खरोखरच तिच्यावर वाळत पडलं होतं.

तिथेच त्यांना देवराव पराते भेटले. भेटले म्हणजे ऐकू आले. एका रविवारी सकाळी सात वाजता, फार बारीक पण काटेकोर टकटक आली, उमरेडहून. देवराव तिथल्या शाळेत मास्तर. घर कोष्ट्याचं, ओसरीत दोन माग. पहिल्या लढाईत ते बसऱ्याला गेले होते, पलटणीच्या तारखात्यात, आणि परत येताना एवढी एक विद्या घेऊन आले. उमरेडला वीज नव्हती. त्यांचं सगळं बॅटरीवर चालायचं, आणि बॅटरी उतरली की मोटारीच्या टपावर टाकून नागपूरच्या गॅरेजात भरून आणावी लागे. म्हणून ते मोजकंच बोलत.

पुढची चार वर्षं एकही रविवार चुकला नाही. सात ते साडेसात. तारेची उंची किती, कॉइलला वेढे किती, काल गारा पडल्या का. नियम पाळून बोलायचं म्हटलं तर इतकंच. पण चार वर्षं एखाद्याकडून हवामान ऐकत राहिलं की त्या हवामानातच बाकीचं कळायला लागतं. देवरावांच्या मुलाला विषमज्वर झाला तेव्हा त्यांनी सलग तीन रविवार 'हवा जड आहे' एवढंच सांगितलं होतं, आणि मधुसूदनरावांनी काही न विचारता तीन रविवार अर्धा तास जास्त बसून काढला. शिवाय प्रत्येकाचा चावीवरचा हात वेगळा असतो, अक्षर वेगळं असावं तसा. मधुसूदनराव शब्दातली शेवटची रेघ लांबवत. देवराव दोन शब्दांमध्ये किंचित थांबत, पोरांना पाढा समजावा म्हणून मास्तर थांबतो तसे. हजार टकटकींतून ते एकमेकांना ओळखत.

मधुसूदनराव एकटे होते, हे सरळच सांगितलेलं बरं. घरात सात माणसं, कचेरीत चाळीस, आणि ते सगळ्यांच्या उपयोगाचे. बहिणीचा अर्ज लिहायचा आहे, मधूला सांगा. साहेबाचा मूड कसा आहे, उमाठेबाबूंना विचारा. पण मनातली एखादी बिनकामाची गोष्ट बोलायला त्यांच्याकडे माणूस नव्हता, आणि ती बोलावी कशी हेही ते विसरले होते. रविवारचा तो अर्धा तास सोडला तर आठवडाभर ते नुसते उत्तरं देत फिरायचे.

एकदा, अडतीसच्या हिवाळ्यात, देवरावांनी विचारलं, गुरुवारी बॅटरी घेऊन नागपूरला येतो आहे, तुमचं यंत्र पाहायला येऊ का? मधुसूदनरावांचा हात चावीवर थांबला. खाली ओसरीवर झोपाळ्यावर त्यांचे वडील अण्णा बसलेले असत. आल्यागेल्याला आधी आडनाव, मग गाव, मग कूळ विचारत, आणि त्यावर पाणी कोणत्या भांड्यातून द्यायचं ते ठरे. पराते, उमरेड, कोष्टी मास्तर. त्यांना कुठे बसवायचं? कोणत्या पेल्यात चहा द्यायचा? मधुसूदनरावांनी उत्तर पाठवलं, वारा उत्तरेचा आहे, थंडी फार आहे. देवरावांनी त्यांच्याकडचीही थंडी सांगितली आणि पुन्हा कधी येण्याचं विचारलं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण एकोणचाळीसच्या जुलैत मधुसूदनरावांनी मुंबईहून नवा व्हॉल्व्ह, म्हणजे यंत्राची काचेची नळी, मागवला, महिनाभर खपून यंत्र नव्याने जुळवलं, आणि ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी मोठ्या हौसेने देवरावांना विचारलं, कसं वाटतं? देवराव मास्तर पडले. त्यांनी खरं तेच सांगितलं. आवाज मोठा झाला आहे पण सूर हलतो आहे, जुनं यंत्र चांगलं होतं. मधुसूदनरावांना ते लागलं. एवढा मोठा माणूस, पण लहान पोरासारखं लागलं. पुढच्या रविवारी, तीन सप्टेंबरला, ते सातला टेबलाशी बसले, हेडफोन कानाला लावले, आणि चावीला हात लावला नाही. देवरावांनी हाक मारली. थांबले. पुन्हा मारली. अर्धा तास ती बारीक, काटेकोर टकटक त्यांचं नाव घेत राहिली, आणि हे हाताची घडी घालून ऐकत बसले. एक रविवार वाट पाहू दे म्हणावं, कळेल. साडेसातला देवरावांनी निरोपाची खूण केली आणि बंद झाले.

त्याच दिवशी लढाई जाहीर झाली. आठवड्याच्या आत हुकूम आला, की खाजगी लोकांनी आपापली यंत्रं सरकारजमा करावीत. मधुसूदनरावांनी यंत्र टांग्यात घालून नेलं, पावती घेतली आणि मोकळ्या हातांनी घरी आले. पुढचा रविवार आलाच नाही.

मग सात वर्षं गेली, आणि कशी गेली ते सांगायला नको. अण्णांना अर्धांगवायू झाला, त्यांची दोन वर्षं सेवा, मग ते गेले. विधवा बहीण शोभाताई कायमची माहेरी आली. कंट्रोल आला, साखरेच्या रांगा आल्या. कचेरीत लढाईचं काम दुप्पट, माणसं निम्मी. मुलगी उत्तरा लग्नाला आली. मधुसूदनरावांना खरोखरच फुरसत नव्हती, आणि फुरसत नाही या शब्दाइतकी सोयीची पांघरायची वस्तू दुसरी नाही. अण्णा गेल्यावर झोपाळाही रिकामा झाला होता, ती सबबही उरली नव्हती. तरी ते उमरेडला गेले नाहीत. तीनदा पोस्टकार्ड लिहायला घेतलं. त्यात लिहायचं काय? मी तिथेच होतो आणि मुद्दाम बोललो नाही? कागदावर ते फार नागडं दिसे. तिन्ही कार्डं त्यांनी फाडली. चावीवरून मात्र आपण ते बोलू शकू, असं त्यांना वाटत राहिलं. जिथे गुन्हा केला तिथेच उभं राहून तो कबूल करायचा. चावीवर माणूस दिसत नाही आणि आपणही दिसत नाही, ही त्यातली खरी मेख होती.

सेहेचाळीस साली लायसनं पुन्हा मिळायला लागली, हे त्यांनी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत वाचलं आणि त्याच दिवशी कचेरीतल्या कागदावर अर्ज लिहिला. एरवी कचेरीची टाचणी घरी न नेणारा माणूस.

जुन्या यंत्राचा पत्ता लागला तो गंजलेल्या पेटीच्या रूपात. नवं बांधणं भाग होतं. लढाई संपल्यावर अमेरिकन पलटणींचं टाकाऊ सामान इतवारीच्या जुन्या बाजारात ढिगाने आलं होतं. कचेरीतून सुटल्यावर ते तिथे जाऊन उकिडवे बसत आणि तारांच्या जंजाळातून एकेक तुकडा उचलून चष्म्याजवळ धरून पाहत. कॉइल गुंडाळायला बांबूचं पेर मेणात उकळून घेतलं. सगळं जोडायला सपाट फळी हवी होती, तर स्वयंपाकघरातला एक शिसवी पाट उचलला आणि त्याला भोकं पाडली. चार दिवसांनी पंगतीला पाट कमी पडला तेव्हा ते उघडकीला आलं. त्यांची बायको तारा कळमेश्वरकडची, मालगुजारांच्या घरची, बोलायला परखड. तिने पाटाकडे पाहिलं, त्यावर ठोकलेल्या व्हॉल्व्हकडे पाहिलं आणि यापुढे घरधनी जमिनीवर बसून जेवतील असं जाहीर केलं. ते निमूट जेवले.

हात पूर्वीचे राहिले नव्हते. चाळिशीचा चष्मा लागला होता, डाख लावताना बोटं भाजत. आठवड्यात फार तर दोन तास मिळत, तेही तुकड्या-तुकड्यांनी. एक जोड लावावा तोवर शोभाताई खालून हाक मारी, दुसरा लावावा तोवर कचेरीचा चपराशी फाइल घेऊन दारात. असं करत मार्गशीर्ष उजाडला. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी सातला त्यांनी उमरेडला हाक मारली.

उत्तर आलं नाही. पहिल्या दिवशी कसं येणार, म्हणून त्यांनी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या रविवारीही आलं नाही. तिसऱ्या रविवारी त्यांनी तार दोन हात उंच केली. चौथ्या रविवारनंतर त्यांच्या डोक्यात एक विचार शिरला आणि तो काही केल्या निघेना. देवराव तिथे आहेत. हेडफोन लावून, हाताची घडी घालून बसले आहेत. ऐकताहेत आणि मुद्दाम बोलत नाहीत. माणूस दुसऱ्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लावतो तो आपण का गप्प बसलो होतो त्यावरून. मधुसूदनरावांना दुसरं काही सुचलंच नाही. आणि बरोबरच आहे त्यांचं, असंही त्यांना वाटे. मारू देत हाका. जितके रविवार म्हणतील तितके मारू.

फेब्रुवारीत एका रविवारी उत्तराला पाहायला पाहुणे यायचे होते. ते आठलाच येऊन टेकले, आणि घरधनी माडीवर. तारा जिना चढून आली. तिला वाटलं होतं चांगलं झापावं. पण नवऱ्याचा चेहरा पाहून ती दारातच थांबली.

"खाली पाहुणे येऊन बसले," ती म्हणाली, "अन् तुम्ही इथं कोणाची वाट पाहून राहिले?"

आणि मधुसूदनरावांनी, लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर, पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं. थंडीचं उत्तर, हलणारा सूर, तीन सप्टेंबर. तारा ऐकत होती. पदराने तिने टेबलाच्या कडेची धूळ पुसली.

"त्यायनं अर्धा तास तुम्हाले हाक मारली," ती सावकाश म्हणाली, "अन् तुम्ही बसून ऐकली."

बस, एवढंच. मग ती खाली गेली आणि पाहुण्यांना म्हणाली की यांचं डोकं दुखतं आहे, येतीलच. तिने भांडण काढलं असतं तर मधुसूदनरावांना बरं वाटलं असतं.

त्यानंतरच्या रविवारी उत्तर आलं. मधुसूदनरावांनी पेन्सिल उचलली, पण दुसऱ्याच अक्षराला त्यांनी ओळखलं की हा हात देवरावांचा नाही. जबलपूरचे कोणी ओमप्रकाश होते, रेल्वेत नोकरीला. हात भलता चटपटीत. त्यांनी सांगितलं, की मी दोन महिने तुम्हाला ऐकतो आहे. दर रविवारी तुम्ही त्याच एका बिनतारी स्टेशनाला बोलावता, ते काही येत नाही. माफ करा, पण माझ्यासमोर रेल्वेचा नकाशा आहे. उमरेड तुमच्यापासून तीस मैलांवर आहे. आणि मग त्या भल्या माणसाने, मधुसूदनरावांनी काही विचारलं नसताना, दीडशे मैलांवरून नागपूर ते उमरेड गाडीचं टाइमटेबल पाठवायला सुरुवात केली. इतवारी किती वाजता, मधली स्टेशनं कोणती, उमरेड किती वाजता. परतीची गाडी. रविवारी चालते.

मधुसूदनराव लाजेने कानापर्यंत लाल झाले. आपल्या हाका हवेत जातात आणि हवा सगळ्यांची असते, हे इतक्या वर्षांच्या माणसाला माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? पण त्यांनी कधी तसा विचार केला नव्हता. त्यांनी ओमप्रकाशांचे आभार मानले, यंत्र बंद केलं, आणि बराच वेळ त्या टाइमटेबलाच्या कागदाकडे पाहत बसले. सवयीने त्यांनी ते सगळं लिहून घेतलं होतं.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते गेले. धुतलेलं धोतर, काळा कोट, टोपी. ताराने संत्र्यांची करंडी हातात दिली. गाडीत उमरेडच्या बाजाराला निघालेल्या बाया होत्या, सुताचे गठ्ठे होते, एक बकरी होती. बाहेर पळस फुलला होता. मधुसूदनराव तिकडे पाहत होते पण मनात वाक्यं जुळवत होते. मराठीतून. देवरावांशी ते मराठीत एक अक्षरही कधी बोललेले नव्हते. वाक्य जुळे आणि पुढचं स्टेशन येईपर्यंत ते त्यांनाच खोटं वाटू लागे. वाटेत दोनदा त्यांच्या मनात आलं की उतरावं आणि उलटी गाडी धरावी. तेवढी हिंमतही झाली नाही, म्हणून ते उमरेडला पोचले.

स्टेशनाबाहेरच्या पानवाल्याला त्यांनी विचारलं, परातेमास्तरांचं घर कुठे?

"बहिऱ्या मास्तराचं?" तो म्हणाला. "थे काय, पिंपळाच्या मांगं."

मधुसूदनराव म्हणाले, बहिरे नव्हेत, देवराव पराते, शाळेत होते ते. पानवाला म्हणाला, तेच. आणि त्याने पानाला चुना लावायला घेतला.

पिंपळापासून घरापर्यंत शंभर पावलं असतील. ओसरीत मागावर देवरावांची सून बसली होती. तिचं नाव पंचफुला. ती उठून पदर सारखा करून उभी राहिली आणि पाहुणे नागपूरहून आले म्हटल्यावर तिने सगळं सांगितलं. चव्वेचाळीसच्या थंडीत पाळीचा हिवताप आला. कोयनेलचं औषध फार पोटात गेलं. ताप उतरला पण कानात घंटा वाजायला लागल्या, आणि घंटा थांबल्या तेव्हा काहीच उरलं नाही. शाळेची नोकरी सुटली. नवरा नागपूरला गिरणीत, महिन्याने येतो, तो पाटीवर लिहून दोन गोष्टी बोलतो. तिला स्वतःला लिहिता येत नाही.

"आमी बोलतो त्यायच्यासंगं," पंचफुला म्हणाली, "पण बोलून काय करता? दोन साल झाले, मानूस घरात हाये अन् नाई."

मधुसूदनरावांनी मनात हिशेब केला. एकोणचाळीस ते चव्वेचाळीस. पाच वर्षं देवरावांचे कान शाबूत होते. पाच वर्षं रोज ही गाडी इतवारीहून सुटत होती. आणि गेल्या डिसेंबरपासून आपण जिथे हाका मारत होतो तिथे रागावलेलं कोणी नव्हतंच. ऐकणारंच कोणी नव्हतं.

मागच्या अंगणात कडुनिंबाखाली देवराव चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसले होते. पन्नाशीचे असतील, दिसत साठीचे होते. सावली पडली म्हणून त्यांनी वर पाहिलं. कोट-टोपीचा माणूस पाहून ते लगबगीने उठायला लागले, बहुधा शाळेचा कोणी साहेब वाटला असावा.

"कोन पायजे?" ते फार मोठ्याने म्हणाले. आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी शेजारची पाटी उचलून पुढे केली.

चार वर्षं ज्याच्याशी बोललो त्याचा आवाज मधुसूदनरावांनी पहिल्यांदा ऐकला तो असा. जुळवलेली मराठी वाक्यं कुठल्या कुठे गेली. त्यांनी पाटी घेतली नाही. करंडी खाली ठेवली, समोर मातीत मांडी घालून बसले, देवरावांचा उजवा हात हातात घेतला आणि तळव्यावर बोटाने ठोकायला सुरुवात केली. कट्ट कड कट्ट. आधी त्यांच्या स्टेशनाची खूण, मग आपली, जसं नेहमी सुरू करायचे तसं. देवरावांनी हात ओढून घेतला नाही. त्यांच्या कपाळाच्या आठ्या हळूहळू गेल्या. मधुसूदनरावांनी अजून अर्धंच सांगितलं होतं, शेवटची रेघ लांबली, आणि देवरावांनी डोळे मिटले.

"उमाठे," ते म्हणाले.

मग ते बोलत सुटले. मोठमोठ्याने, सपाट आवाजात, मध्येच थांबत. तार किती उंच बांधली? पुन्हा लायसन देऊन राहिले का? मधुसूदनराव तळव्यावर उत्तरं देत होते. पाटावर यंत्र बांधल्याचं सांगितलं तेव्हा देवराव खदखदून हसले, आणि ओसरीतून पंचफुला धावत दाराशी आली. सासरे हसताना तिने फार दिवसांत पाहिले नव्हते. तिच्यामागे शेजारच्या दोन बाया आल्या. नागपूरचा एक बामणबाबू मास्तराचा हात धरून मातीत बसला आहे आणि त्यावर नुसतं बोट आपटतो आहे, हे त्यांना काही उमगेना.

मधुसूदनरावांचं बोट थांबलं. मग त्यांनी ते सांगितलं. तीन सप्टेंबर. तुम्ही अर्धा तास बोलावलंत. मी तिथेच होतो. ऐकत होतो.

"मले मालूम होतं," देवराव म्हणाले. "तुमच्या यंत्राची शिट्टी येत होती नं."

मधुसूदनरावांना क्षणभर समजलं नाही. मग समजलं. घरी बांधलेलं यंत्र नुसतं ऐकायला लावलं, आणि त्याचं बटण जरा जास्त पिळलं, तर ते आपणहून बारीक शिट्टी हवेत सोडतं. चांगल्या कानाच्या माणसाला ती ऐकू येते. तीस मैलांवर आपल्या शिट्टीवर कोणी कान ठेवून असेल हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"तुमी होते, म्हनून तं अर्धा तास बसलो," देवराव म्हणाले. "कोनी नसतं तं बॅटरी काहून जाळली असती? म्हनलं, रुसले. येतीन पुढच्या रविवारी."

दारातल्या बाया ऐकत होत्या. मधुसूदनरावांना आणखी एक सांगायचं होतं, आणि तेच खरं जड होतं. त्यांनी बोट पुन्हा तळव्यावर ठेवलं. तुम्ही घरी येऊ का विचारलं होतंत. मी थंडी सांगितली. ती थंडीची गोष्ट नव्हती. नंतरही मी आलो नाही. पत्र नाही लिहिलं. तीस मैल होते. गाडी होती.

देवरावांनी एकदा दाराकडे पाहिलं, तिथे सून उभी होती, शेजारणी उभ्या होत्या, आणि तोंडाने बोललेलं आता किती दूर ऐकू जातं याचा त्यांना अंदाज राहिला नव्हता. त्यांनी आपला हात सोडवून घेतला, मधुसूदनरावांचा हात उलटा करून आपल्या मांडीवर ठेवला, आणि सुताने खरखरीत झालेलं बोट त्या तळव्यावर टेकवलं. सात वर्षं त्या बोटाने चावी दाबली नव्हती. तरी दोन शब्दांमध्ये ते पूर्वीसारखंच किंचित थांबत होतं.

गाडी मलाही होती, त्यांनी ठोकलं.

परतीच्या गाडीची शिट्टी स्टेशनावर झाली तेव्हा पंचफुलाने हाताने खूण करून पाहुण्यांना आठवण दिली. मधुसूदनराव उठले नाहीत. त्यांचा हात अजून तसाच देवरावांच्या मांडीवर होता.